मीटरभर धाग्याची गोष्ट

लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बराच वेळ बसलं की उठताना पाय आपला राहत नाही. जमिनीवर टेकवला तरी टेकल्याचं कळत नाही. मग हळूहळू पावलात मुंग्या चढायला लागतात, झिणझिण्या येतात आणि ती दोन मिनिटं हसावं की ओरडावं तेच समजत नाही. "रक्त अडलं होतं," असं मोठी माणसं सांगतात. ते अर्धंच खरं आहे, पोरांनो. उरलेलं अर्धं फार मोठं आहे, आणि आज मला तेच सांगायचं आहे.

आधी एक करा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, बोटानं चाचपा. हाडाचा एक उंचवटा लागेल. त्याला मागून वळसा घालून एक मज्जातंतू पावलाकडे जातो. तिथं त्याच्यावर पांघरायला मांस नाही, चरबी नाही, वर नुसती कातडी. मांडी घातली की तो हाड आणि जमीन यांच्यामध्ये चेपला जातो. आता कोपर मोडा आणि आतल्या अंगाला, टोकाच्या हाडाशेजारी जी खोबण आहे, तिच्यात बोटानं हलकंच टिचका. गेली ना करंगळीपर्यंत सणक? तुम्ही मारलं कोपरावर आणि कळलं करंगळीला. करंगळीला कुणी हातही लावला नव्हता. पण करंगळीची बातमी नेणारा तंतू त्या खोबणीतून जातो, आणि त्याला वाटेत कुठंही डिवचलं तरी मेंदू समजतो की निरोप करंगळीहूनच आला. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जिथं मुंग्या येतात तिथंच बिघाड असेल असं नाही.

मांडीखाली चेपलेल्या तंतूचं काय होतं? तंतूलाही रक्त लागतं, आणि ते त्याला केसाहून बारीक अशा स्वतःच्या वाहिन्यांतून मिळतं. दाबानं त्या मिटतात, निरोप थांबतात, पाय बधिर होतो. दाब निघाला की तंतू जागे होतात, पण सगळे एकदम आणि शिस्तीत नाही. कुणी आधी, कुणी नंतर, आणि कुणी विचारलं नसताना आपापले निरोप धाडत सुटतात. मेंदूला त्या गोंधळाचा अर्थ लागत नाही. त्या न लागलेल्या अर्थाला आपण मुंग्या म्हणतो. पाच मिनिटांत सगळं ठीक होतं. ते होत नाही तेव्हाची गोष्ट पुढं आहे.

तुमच्या पायाच्या अंगठ्याला काही लागलं, तर ते सांगणारी पेशी कुठं बसलेली असते, सांगा बरं? धाकटी म्हणते, "अंगठ्यातच!" नाही बाळा. ती बसते कमरेत, पाठीच्या कण्याला लागून. तिथून तिचा एकच एक धागा निघतो, मांडीतून, पोटरीतून, घोट्यामागून थेट अंगठ्याच्या टोकापर्यंत. मोठ्या माणसात हा धागा जवळजवळ एक मीटर लांब भरतो, आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या किंवा फार तर पन्नासाव्या भागाएवढी. एक पेशी आणि तिचा मीटरभर धागा! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून बराच वेळ नुसता पायाकडे बघत बसलो होतो.

काही धाग्यांवर चरबीचं वेष्टन असतं. त्यांतून निरोप सेकंदाला पन्नासेक मीटर धावतो. स्पर्श, कंप, तोल यांच्या बातम्या या वाटेनं जातात. दुसरे धागे उघडे आणि बारीक, त्यांचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे आपण चालतो तसा. जळजळ आणि ठसठस यांची वाट ही. उंबऱ्याला ठेच लागते तेव्हा आधी "लागलं" हे कळतं, आणि क्षणभरानं ती खरी, डोळ्यांत पाणी आणणारी कळ येते. त्या क्षणभरात उघड्या धाग्यांवरचा निरोप मांडीतून वर चढत असतो. पूर्वी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटायचं की मज्जातंतूंचा वेग कधी मोजताच येणार नाही. १८५० साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाच्या पायातल्या तंतूवर तो मोजला, आणि तो सेकंदाला तीसेक मीटरच्या आतच निघाला.

आता या धाग्याची खरी अडचण ऐका. धाग्याला लागणारा बहुतेक माल कमरेतल्या त्या इवल्याशा पेशीतच तयार होतो. तिथून तो टोकापर्यंत वाहून न्यावा लागतो, आणि टोकाकडचा टाकाऊ माल परत आणावा लागतो. घाईचा माल दिवसाला सुमारे चाळीस सेंटिमीटर सरकतो, म्हणजे अंगठ्याला पोचायला अडीच दिवस. पण धाग्याचा सांगाडा ज्यापासून बनतो, त्यातला काही माल दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर जातो. मीटरभराच्या वाटेला हजार दिवस! आज तुमच्या कमरेतून निघालेला तो कण पावलाला पोचेपर्यंत तुमची इयत्ता तीनदा बदललेली असेल.

आपल्याकडे धरणाच्या पाटाचं पाणी ज्यानं पाहिलंय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. धरणात पाणी कमी पडो, पाट फुटो, गाळानं भरो, कारण काहीही असो, आधी वाळतं ते टेलचं, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचं शेत. तोंडाशी असलेल्या शेताला पत्ताही नसतो. पाय हे शरीराचं टेल आहे. म्हणून साखर वाढो, जीवनसत्त्व घटो, दारूचं विष भिनो, आग आणि मुंग्या सुरू होतात पायांच्या बोटांत, दोन्ही पायांना बरोबरीनं. मग तळवा, मग घोटा, आणि दुखणं पोटरीतून गुडघ्याच्या आसपास चढलं की हातांच्या बोटांत सुरुवात. तोवर का नाही? कारण मानेपासून हाताच्या बोटांच्या टोकापर्यंत जाणारा धागा साधारण कमरेपासून गुडघ्यापर्यंतच्या धाग्याएवढाच लांब असतो. डॉक्टर नुसतं "कुठून सुरू झालं?" एवढं विचारून अर्धं निदान करतात, ते या लांबीच्या हिशेबावर.

"पण आजोबा, आग म्हणजे काय? पाय खरंच गरम होतो का?" हा नातवाचा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर मिळायला १९९७ साल उजाडावं लागलं, आणि ते मिळालं मिरचीतून.

नंदुरबारकडे मिरचीच्या हंगामात बायका दिवसभर देठं खुडत बसतात. संध्याकाळी हातांची लाही लाही होते. त्या हाताला थर्मामीटर लावा, पारा जागचा हलणार नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेनं शोधून काढलं की उघड्या धाग्यांच्या टोकावर एक बारीक दार असतं. एरवी ते सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली की उघडतं, आणि मेंदूला निरोप जातो, "भाजतंय!" मिरचीतलं कॅप्सेसिन हे द्रव्य नेमकं त्याच दारात बसून ते उघडतं. चूल नाही, निखारा नाही, पण निरोप अक्षरशः भाजल्याचाच. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक मिळालं, स्पर्शाचा उलगडा करणाऱ्या आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत. पक्ष्यांच्या अंगचं हे दार कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट हिरवीगार मिरची मजेत खातो. आणि कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. ठेचा वाटल्यावर आजी हाताला आधी तेल चोळते आणि मग धुते, तिचं अगदी बरोबर आहे.

तर आग वाटायला आग लागत नाही. धागा दुखावला, उपाशी राहिला, की त्याचं टोक कुणी न डिवचताही तोच निरोप पाठवायला लागतं. रात्री तळपाय पेटल्यासारखे होतात, पांघरुणाचा स्पर्श सोसत नाही, माणूस उठून गार फरशीवर पाय ठेवून बसतो, आणि हात लावून बघणाऱ्याला पाय थंडच लागतात. घरातल्या कुणी असं सांगितलं तर "तुझ्या मनाचे खेळ" म्हणू नका. निरोप खरा आहे. कमरेपासून पावलापर्यंत कुठंतरी काहीतरी बिनसलेलं आहे.

काय बिनसतं, हे माणसाला पहिल्यांदा नीट दाखवलं ते कोंबड्यांनी. ही गोष्ट जावा बेटावरची, बटाव्हियाची, आजचं जकार्ता. तेव्हा तिथं डच लोकांचं राज्य होतं. बेरीबेरी नावाच्या रोगानं सैनिक आणि कैदी हैराण झाले होते. पायांना मुंग्या, जळजळ, मग बधिरपणा, मग पाय लुळे, आणि पुष्कळदा मृत्यू. तो काळ जंतूंच्या शोधांचा होता, म्हणून डच सरकारनं १८८६ साली बेरीबेरीचा जंतू शोधायला डॉक्टरांचं पथक धाडलं. त्यातला ख्रिस्तियान आइकमन हा तरुण डॉक्टर तिथंच राहिला आणि छोट्याशा प्रयोगशाळेत कोंबड्यांवर काम करू लागला.

एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की कोंबड्या लटपटत चालताहेत. दांडीवर बसता येईना, बोटं दांडी धरीनात, काही दिवसांत त्या कुशीवर पडून राहू लागल्या. मेलेल्या कोंबडीचे तंतू त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ते बेरीबेरीच्या रोग्यासारखेच झडलेले. त्याला वाटलं, सापडला जंतू! पण रोगी कोंबडीचं रक्त टोचलेल्या आणि न टोचलेल्या, दोन्ही कोंबड्या सारख्याच आजारी पडत होत्या. आणि मग नोव्हेंबरात सगळ्या कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. औषध नाही, काही नाही.

आइकमननं चौकशी केली ती जंतूंची सोडून दाण्यांची, आणि मला तो मोठा वाटतो तो इथं. कळलं ते असं. जूनपासून कोंबड्यांची राखण करणारा माणूस लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून उरलासुरला भात आणून त्यांना घालत होता. तो भात पांढराशुभ्र, सडून सडून चकचकीत केलेल्या तांदळाचा. नोव्हेंबरात स्वयंपाकी बदलला. नव्या स्वयंपाक्यानं सांगितलं, लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्या पुन्हा कोंड्यासकट असलेल्या साध्या तांदळावर आल्या आणि उठून चालायला लागल्या! मग आइकमननं मुद्दाम करून पाहिलं. पांढरा भात घातला की कोंबडी लुळी, तांदळाचा कोंडा घातला की बरी.

तुरुंगांची पाहणी करणाऱ्या फॉर्डरमन या अधिकाऱ्यानं १८९६ नंतर जावामधल्या तुरुंगांचा हिशेब मांडला. जिथं चकचकीत तांदूळ शिजत होता तिथं सुमारे ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी, आणि जिथं कोंडा राखलेला तांदूळ तिथं दहा हजारांत एखादा. तरीही आइकमनला वाटत होतं की भाताच्या पिठूळ गरात विष आहे आणि कोंड्यात उतारा. त्याच्याच प्रयोगशाळेतल्या खेरिट ख्रेन्सनं १९०१ मध्ये बरोबर सांगितलं. विष कुठंच नाही. कोंड्यात असं काहीतरी आहे, जे नसलं की मज्जातंतू जगत नाहीत. पुढं १९२६ साली त्याच बटाव्हियात त्या द्रव्याचे स्फटिक वेगळे काढले गेले. त्यालाच आपण जीवनसत्त्व बी १ म्हणतो. साखर-पिठापासून कामाची शक्ती काढायला पेशीला ते लागतंच, आणि मीटरभर धागा पोसणाऱ्या पेशीची निकड सगळ्यांत मोठी. आइकमनला १९२९ चं नोबेल मिळालं. तोवर तो इतका आजारी होता की ते घ्यायला जाऊ शकला नाही.

आपल्या कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खातात, तुम्हीही पेज खाल्ली आहे. भात सालीसकट भिजवून उकडतात, मग वाळवून भरडतात. उकडताना कोंड्यातलं बी १ दाण्याच्या आत शिरतं आणि पुढं सडला तरी बरंचसं टिकतं. ज्यांनी ही रीत पाडली त्यांना जीवनसत्त्वाची कल्पनाही नव्हती, पण त्यांच्या पायांना तिचा लाभ झाला. आंध्रच्या किनारपट्टीवर गिरणीत सडलेला कच्चा तांदूळ खाल्ला जाई, तिथं बेरीबेरीनं पुष्कळ जीव घेतले.

नुसत्या पाय जळण्याचीही एक जुनी नोंद आहे. १८२६ साली ग्रीअर्सन नावाच्या डॉक्टरानं ब्रह्मदेशाच्या आराकान भागातल्या सैनिकांचं हे दुखणं लिहून ठेवलं. त्यानंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, जपान्यांच्या छावण्यांतले युद्धकैदी अर्धपोटी राहून तळपायांच्या आगीनं रात्र-रात्र जागे असत, पाय गार पाण्यात बुडवून बसत. आणि १९४६ साली कोलुथूर गोपालन या आपल्या तरुण डॉक्टरानं दक्षिणेतल्या गरीब रोग्यांवर अभ्यास करून सांगितलं की ब गटातलं पॅन्टोथेनिक आम्ल दिल्यावर ही आग कमी होते. उपासमारीत जीवनसत्त्वं एकेकटी घटत नाहीत, घोळक्यानं घटतात, म्हणून नेमकं कुठलं कमी पडलं हे ठरवणं अवघड असतं. गोपालन पुढं भारताच्या पोषणशास्त्राचे धुरीण झाले आणि शंभरी पार करून २०१९ मध्ये गेले. गरिबाच्या जळत्या पायाकडे ज्यानं विज्ञान म्हणून पाहिलं, त्या माणसाचं नाव तुमच्या पाठ्यपुस्तकात असायला हवं.

आता अगदी घरची गोष्ट, बी १२ ची. हे जीवनसत्त्व कुठलीच वनस्पती बनवत नाही, कुठला प्राणीही बनवत नाही. ते बनवतात फक्त सूक्ष्म जीव. गायीच्या पोटातले जीवाणू ते तयार करतात, म्हणून ते दुधात उतरतं. मासे, अंडी, मटण यांत जास्त असतं. त्याच्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट धातूचा एक अणू बसलेला असतो. हा गुंतागुंतीचा रेणू डोरोथी हॉजकिन या इंग्रज बाईंनी क्ष-किरणांनी उलगडला, त्यांना १९६४ चं नोबेल मिळालं. शरीराला लागतं किती? दिवसाला ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-अडीच. यकृतात वर्षानुवर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून तुटवडा आज सुरू झाला तरी पायांना कळायला काही वर्षं जातात. तोवर माणसाला पत्ताच नसतो.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे पुण्याकडचे ४४१ पुरुष तपासले. २००६ साली तो अभ्यास छापून आला. त्यांतल्या ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी १२ कमी होतं! शाकाहाऱ्यांत प्रमाण जास्त होतं. वाण्या-ब्राह्मणांच्या घरी, माळकऱ्यांच्या घरी, चहापुरतंच दूध घेणाऱ्या घरी हे समजून घेण्याची फार गरज आहे. माळ काढा असं मी कुणाला म्हणणार नाही. दूध-दही नेमानं घ्या आणि रक्त तपासून डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा इंजेक्शन घ्या. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना आणि आम्लपित्ताच्या गोळ्या रोजच्या रोज खाणाऱ्यांनाही हा तुटवडा होतो, कारण अन्नातलं बी १२ नीट शोषलंच जात नाही.

बी १२ कमी पडलं की धाग्यांवरचं चरबीचं वेष्टन बिघडतं, आणि पाठीच्या कण्यातल्या मोठ्या वाटाही. पाय कुठं आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळेनासं होतं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिनपाशी तोल जातो, अंधारात मोरीकडे जाताना भिंत धरावी लागते. घरातलं वडीलधारं माणूस असं करताना दिसलं तर "म्हातारपण" म्हणून सोडून देऊ नका. वेळेवर कळलं तर हे बरं होतं, फार उशीर झाला तर पुरतं भरून येत नाही. दुकानातून आपल्या मनानं ताकदीच्या गोळ्या आणून महिनोन्महिने खाणं मात्र नको. बी ६ हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत बराच काळ घेतलं तर तेच मज्जातंतू जाळतं.

आज पायांच्या आगीचं सगळ्यांत मोठं कारण आहे मधुमेह. चरकसंहितेत प्रमेहाची आगाऊ लक्षणं सांगितली आहेत, त्यांत हातापायांचा बधिरपणा आणि दाह आहे, आणि लघवीकडे मुंग्या धावतात हेही आहे. त्या माणसांकडे रक्त तपासायचं साधन नव्हतं, पण मुंग्यांची रांग कुठं जाते हे त्यांनी बघितलं होतं. वाढलेली साखर दोन्हीकडून नुकसान करते, धाग्याला आतून बिघडवते आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या अरुंद करते. पुष्कळांना मधुमेह असल्याचं कळतं तेच मुळी पाय जळायला लागल्यावर.

याची तपासणी मी स्वतः करून घेतली आहे. डॉक्टरांनी एक जाड नादकाटा, सेकंदाला १२८ वेळा थरथरणारा, तळहातावर आपटला आणि त्याचा दांडा माझ्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. "थरथर थांबली की सांगा." मी डोळे मिटून होतो. ती गुणगुण अंगठ्यातून हळूहळू विरत गेली. मग त्यांनी नायलॉनचा एक ताठ केस तळव्याला टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबला; तो बरोबर दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. कळलं की हो म्हणायचं. बारीक सुई नाही, यंत्राचा आवाज नाही, आणि एवढ्यावरून डॉक्टरांना कळतं की टेलपर्यंत पाणी पोचतंय की नाही.

फक्त हात दुखतो तेव्हाही हिशेब असाच, पण वेगळ्या जागेचा. अंगठा, त्याशेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढ्यालाच मुंग्या येत असतील, रात्री झोपमोड होऊन हात झटकावासा वाटत असेल, तर मनगटातल्या अरुंद बोळात तंतू चेपला आहे. भाकरी थापणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांना, गरोदरपणात, थायरॉईड मंदावल्यावर हे होतं. करंगळीकडे होत असेल तर कोपराची ती खोबण. एकाच पायात, कुल्ल्यापासून खाली कळ येत असेल तर कमरेचा मणका. क्षयरोगाच्या आयसोनियाझिड या औषधानं बी ६ घटतं, म्हणून ते सोबत देतात. दारू, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोगाची काही औषधं हीही कारणं आहेतच.

दोन प्रसंगी मात्र थांबायचं नाही. एका बाजूचा हात-पाय अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो मेंदूचा झटका. त्याच मिनिटाला दवाखाना. आणि दुसरं, पायांच्या मुंग्या एक-दोन दिवसांत वर चढत गेल्या आणि पाय उचलेनासे झाले, तर तेही तातडीचं. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे हेच झालं. दूषित पाण्यातून पोटात गेलेल्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूशी लढायला शरीरानं जी अस्त्रं बनवली, ती चुकून आपल्याच मज्जातंतूंवर पडली. गिलन-बारे हे त्या आजाराचं नाव. दोनशेहून जास्त संशयित रुग्ण, कित्येक कृत्रिम श्वासावर. पण त्यांतले बहुतेक उठून घरी गेले, कारण झडलेलं वेष्टन शरीर पुन्हा चढवतं, आणि तुटलेला धागाही दिवसाला मिलिमीटरभर पुन्हा वाढू शकतो. किती सावकाश, आणि तरी किती मोठी गोष्ट!

शेवटची गोष्ट कुष्ठरोगाची, कारण आपल्या वरोऱ्याच्या आनंदवनात, अमरावतीच्या तपोवनात ज्या हातांनी शेतं पिकवली त्यांची ती गोष्ट आहे. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सननं १८७३ मध्ये पाहिला. या जंतूला शरीराचा थंड भाग आवडतो, आणि तो राहतो थेट मज्जातंतूंच्या वेष्टनात. तुम्ही मघाशी कोपराच्या खोबणीत टिचकी मारलीत ना, त्याच उघड्या, थंड जागी तो तंतू सुजून जाड होतो.

लोकांना वाटायचं, या रोगानं बोटं आपोआप झडतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ पासून काम करत होते. एकदा गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना. एक बारकासा कुष्ठरोगी मुलगा पुढं झाला, किल्ली फिरवली आणि कुलूप उघडलं. ब्रँड चकित झाले, एवढी ताकद? मग जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीनं मुलाचं बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि त्याला काही कळलंच नव्हतं. ब्रँड यांच्या लक्षात आलं, बोटं जंतू खात नाही. वेदना नसल्यानं ती भाजतात, कापतात, सडतात. काहींची बोटं तर रात्रीत नाहीशी व्हायची. पाळत ठेवल्यावर कळलं, झोपेत उंदीर कुरतडत होते. त्यांनी रोग्यांना सोबतीला मांजरं दिली!

म्हणून सांगतो, जळणारा पाय अजून बोलतो आहे. उपचार न करता, साखर ताब्यात न येता आग आपोआप थांबली, तर घरात पेढे वाटायचे नाहीत. निरोप पाठवणारे धागेच संपले असतील. अशा पायात चपलेचा खिळा घुसला तरी माणूस संध्याकाळपर्यंत चालत राहतो. अंगावर न खाजणारा, न दुखणारा, स्पर्श न कळणारा फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तरी आरोग्य केंद्रात दाखवायचा. कुष्ठरोगाचं औषध फुकट मिळतं, आणि सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो.

तुमच्यासाठी काम आहे, पोरांनो. आजीचा गुडघा वाकत नाही, तिला स्वतःचे तळवे दिसत नाहीत. रोज रात्री जेवणं झाली की तुम्ही बघायचे. बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या भेगांत, फोड आहे का, लाली आहे का, काटा रुतलाय का. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा झटकायचा. तिच्या आंघोळीच्या पाण्यात आधी तुम्ही कोपर बुडवायचं, तिनं पाय नाही. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा मुंग्या कुठून सुरू झाल्या, किती वर चढल्या, रात्री वाढतात का, एक पाय की दोन्ही, ती कुठल्या गोळ्या घेते, हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून न्यायचं. ती विसरते, तुम्ही विसरू नका.